उद्यानविद्येत उतरायचंय? आधी एक हंगाम काम, मग कोर्स

उद्यानविद्येकडे वळणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा कोर्सबद्दल विचारतो. पदवी करू की पदविका? ऑनलाइन चालेल का? किती वर्षं लागतील? प्रश्न रास्त आहेत, फक्त क्रम उलटा आहे. या क्षेत्रात शिकण्याचं वेळापत्रक झाड ठरवतं. बहुतेक फळझाडांच्या छाटणीचे दिवस वर्षातून एकदाच येतात आणि ते हुकले की पुढच्या वर्षापर्यंत पुस्तकातल्या आकृत्या बघत बसावं लागतं. डोळा भरायचा, म्हणजे हव्या त्या वाणाची कळी दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायची, तर त्या खालच्या मुळं असलेल्या रोपाची, म्हणजे खुंटाची, साल सहज सुटावी लागते, आणि ती सुटते झाड जोमात वाढत असतानाच. परीक्षा जवळ आली म्हणून साल सुटत नाही.

त्यामुळे माझा सल्ला एकच आहे: एका तरी पिकाचं, लावणीपासून काढणीपर्यंत किंवा कलमापासून विक्रीपर्यंत, पूर्ण चक्र तुमच्या हाताखालून जाऊ द्या आणि बाकीचं शिक्षण त्याभोवती बसवा. हे कसं जमवायचं ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १ : शाखा निवडताना स्वतःचा स्वभाव बघा

फळबाग, भाजीपाला, फुलशेती, रोपवाटिका, उद्यानांची रचना आणि देखभाल, टिश्यू कल्चर (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवणं), काढणीनंतरची हाताळणी हे सगळं उद्यानविद्येतच मोडतं. पण या कामांना लागणारी माणसं वेगवेगळ्या घडणीची असतात.

फळबागेला धीर लागतो. बियांपासून वाढवलेलं आंब्याचं झाड फळावर यायला पाच ते आठ वर्षं घेतं, कलमी झाड तीन-चार. कोवळ्या झाडाला वळण देताना कुठली फांदी ठेवली आणि कुठली काढली, याचा निकाल तुम्हाला काही वर्षांनी दिसतो. ज्याला आठवड्याभरात परिणाम हवा असतो तो इथे वैतागतो. हरितगृहात याच्या बरोबर उलट. तिथे रोज आकडे बघायचे असतात: तापमान, आर्द्रता, पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणा), खताच्या द्रावणाची ईसी (विद्युतवाहकता, जिच्यावरून विरघळलेले क्षार कळतात). कोकोपीटच्या, म्हणजे मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या, पिशव्यांमधल्या पिकाचा पंप ऐन उन्हाळ्यात दुपारभर बंद पडला तर संध्याकाळपर्यंत नुकसान डोळ्यांसमोर असतं. सावध, काहीशा चिंतातुर स्वभावाची माणसं हरितगृहात चांगली रमतात, असं माझं निरीक्षण आहे.

रोपवाटिकेत एकच कृती हजार वेळा तितक्याच नीटपणे करावी लागते. उद्यानरचनेत झाडांइतकाच माणसांशी संबंध येतो: मालक, गवंडी, प्लंबर आणि ज्याला सगळं हिरवंगार पण पुढच्या आठवड्यात हवंय असा एखादा. काढणीनंतरच्या कामात शीतगृह, पॅकिंग, वाहतूक आणि फळाचं शरीरशास्त्र येतं. केळी १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की तिची साल काळपट पडते. आंबा आणि केळी तोडल्यावरही पिकतात, तर द्राक्ष, संत्रं आणि स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाहीत. अशा गोष्टींवर तिथे सगळा व्यवहार उभा असतो. टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा म्हणजे निर्जंतुक हवा, काचेच्या बाटल्या आणि तासन्‌तास एकाच जागी बसून चिमट्याने केलेलं काम. मातीचा वास आवडतो म्हणून या क्षेत्रात आलेल्या माणसाचा तिथे हमखास हिरमोड होतो.

शाखा आत्ताच कायमची ठरवू नका. दोन निवडा, एक मनातली आणि एक पर्यायी.

पायरी २ : एक हंगाम रोपवाटिकेत काढा

मनात शाखा कुठलीही असो, सुरुवात रोपवाटिकेत करावी. कारण साधं आहे. तिथे कमी वेळात खूप जातींची झाडं हाताखालून जातात, चक्र लहान असतं, आणि एखादा ट्रे वाया गेला तरी कुणाची दहा वर्षांची बाग उजाड होत नाही. पगारापेक्षा कामाची विविधता बघा. जिथे फक्त तयार रोपं आणून विकली जातात तिथे शिकण्यासारखं निम्मंच असतं, म्हणून जिथे रोपं तयार होतात अशी जागा शोधा.

तिथे तुम्हाला पहिल्या दिवशी पाण्याची नळी देतील. हे काम सगळ्यात हलकं समजून नव्या माणसावर ढकललं जातं आणि माझ्या मते रोपवाटिकेतलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. नवीन माणूस वरची माती कोरडी दिसली की पाणी घालतो. मुळाशी चिखल झालेला त्याला दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लावा: कुंडी किंवा पिशवी उचलून वजन बघायचं. भरपूर पाणी दिलेली एक आणि सुकत आलेली एक, अशा दोन सारख्या पिशव्या शेजारी ठेवून हाताला फरक शिकवायचा. जमिनीतल्या झाडांना वाफसा बघायचा. माती मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की तो फुटला पाहिजे.

मग एखादं रोप पिशवीतून अलगद बाहेर काढून मुळं बघा. एका हाताने माती सावरून, कुंडी उलटी करून, कडेला हलकं आपटलं की गोळा सुटतो. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर असतात आणि टोकं ताजी दिसतात. तपकिरी, लिबलिबीत, बोटात धरून ओढल्यावर साल सुटून आत दोऱ्यासारखा भाग उरणारी मुळं म्हणजे कूज, आणि तिला एक आंबट-कुजकट वास येतो. मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर रोप त्या पिशवीत फार दिवस राहिलंय. फळझाडाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही. तशीच लावली तर मुळांचा विळखा पुढे तसाच जाड होत जातो.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. संध्याकाळी ती सावरली तर झाड फक्त उन्हाशी जुळवून घेत होतं. सकाळीही मान टाकलेली असेल तर माती तपासा: कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मुळं. ओल्या मातीतलं मलूल झाड पाहून आणखी पाणी घालणारा माणूस प्रत्येक रोपवाटिकेत एक तरी असतो.

पायरी ३ : अभिवृद्धी, म्हणजे नवी रोपं तयार करणं, हाताला बसू द्या

बिया, छाट कलम (कापलेल्या काडीला मुळं फोडणं), गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडणं), डोळा भरणे, पाचर कलम (खुंटाच्या चिरेत काडी बसवणं) या क्रमाने शिका. कौशल्य चढत्या क्रमाने लागतं आणि प्रत्येक पद्धत पुढच्या पद्धतीची तयारी करून घेते.

बियांपासून सुरुवात करताना एक गोष्ट लवकर कळते की सगळ्या बिया सारख्या वागत नाहीत. टोमॅटोचं बी वाळवून थंड, कोरड्या जागी ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. आंब्याची कोय मात्र वाळवली की मरते, ती फळातून काढल्यावर काही आठवड्यांतच लावावी लागते. सफरचंदाच्या बीला उगवण्याआधी ओलसर थंडीत दोन-तीन महिने काढावे लागतात. बी उगवलं नाही म्हणून ते खराब, असा निष्कर्ष काढण्याआधी त्याला काय हवं होतं ते शोधायचं.

छाट कलमासाठी काडी पहाटे किंवा सकाळी घ्या, तेव्हा तिच्यात पाणी भरलेलं असतं. डोळ्याच्या जरा खाली काप, खालची पानं काढलेली, वरची मोठी असतील तर अर्धी केलेली. मुळं फुटण्यासाठी आयबीए हे संजीवक वापरतात. कोवळ्या काडीला साधारण ५०० ते १५०० पीपीएम आणि अर्धपक्व काडीला १००० ते ३००० पीपीएम अशी श्रेणी असते. एक ग्रॅम एका लिटरमध्ये म्हणजे १००० पीपीएम. मात्र आयबीएची भुकटी नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालायचं. जास्त घातलं की जास्त मुळं येतात हा समज मात्र सोडून द्या, जास्त तीव्रतेने काडीचं बूड काळं पडतं.

पाचर कलमावर थोडं थांबतो, कारण इथेच बरेच जण हताश होतात.

खुंट पेन्सिलीएवढा जाड झालेला असावा आणि डोळकाडी, म्हणजे हव्या वाणाची जोडायची काडी, हीसुद्धा तेवढीच. आंब्यासारख्या झाडात डोळकाडीची पानं झाडावरच आठ-दहा दिवस आधी काढतात, देठाचा तुकडा ठेवून. ते देठ आपोआप गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो, म्हणजे काडी तयार झाली. आता खुंटाचा शेंडा आडवा कापून मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल चीर द्या. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढीच लांब पाचर करा. पाचरीची प्रत्येक बाजू चाकूच्या एकाच ओढीत झाली पाहिजे. पेन्सिल तासतात तसं खरवडलं तर पृष्ठभाग लहरी होतो आणि जोडात पोकळी राहते. सालीच्या लगेच आत एक पातळ, ओलसर थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. खुंटाचा आणि काडीचा हाच थर एकमेकांना टेकला तर जोड बसतो. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध ठेवू नका, एका कडेला सरकवून त्या बाजूचा तरी थर जुळवा. मग पट्टी खालून वर घट्ट बांधा आणि वरून पारदर्शक पिशवीची टोपी घाला म्हणजे काडी सुकत नाही. दोन ते चार आठवड्यांत डोळा हलतो. त्या काळात जोडाच्या खाली खुंटावर फुटवे येतात, ते दिसले की लगेच खुडायचे. ते ठेवले तर खुंट स्वतःच झाड बनतो आणि कलम उपाशी मरतं.

सराव खऱ्या खुंटावर करू नका. छाटणीत निघालेल्या टाकाऊ फांद्यांचा ढीग घ्या आणि त्यावर पाचर करत राहा. काप सपाट आला की नाही हे पाहायचं असेल तर दोन कापलेली तोंडं एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला की काप फसला.

चाकूला धार लावायला शिकणं हा याचाच भाग आहे. कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूने उतार असतो. दगडावर त्याच बाजूने घासायचं, दुसऱ्या बाजूची फक्त काठ मोडण्यापुरती एखादी ओढ. हातावरचे केस निघाले पाहिजेत इतकी धार हवी. आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर विषाणू आणि जिवाणू तुमच्याच हाताने पसरतात.

जोडकामाची ताकद किती असते याचं इतिहासातलं मोठं उदाहरण युरोपच्या द्राक्षबागांचं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या वेलींची मुळं खाऊन बागा उद्ध्वस्त केल्या. औषधांनी काम झालं नाही. शेवटी युरोपीय वाणांची कलमं अमेरिकी जातींच्या खुंटावर बांधली, कारण त्या मुळांना ही कीड सोसते. आजही बहुतेक द्राक्षबागा अशाच दुसऱ्याच्या मुळांवर उभ्या आहेत. सफरचंदात खुंटानेच झाडाची उंची ठरते. एम-९ हा खुंट वापरला की झाड अडीच-तीन मीटरवर थांबतं आणि शिडीशिवाय तोडणी होते.

पायरी ४ : नावं पाठ करा, शास्त्रीयसुद्धा

एकाच झाडाला दहा गावांत दहा नावं असतात आणि एकच नाव तीन वेगळ्या झाडांना असतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुळवली ती याच गोंधळावर. प्रजाती आणि जात यांच्यानंतर एकेरी अवतरणचिन्हांत वाणाचं नाव येतं. ऑर्डर देताना वाणाचं नाव चुकलं की पाच वर्षांनी भलतंच फळ लागतं. आठवड्याला दहा झाडांचं लक्ष्य ठेवा, फुलं नसतानाही ओळखता आलं पाहिजे. पान समोरासमोर की आळीपाळीने, देठ तोडल्यावर चीक येतो का, चुरगळल्यावर वास कसा, याकडे लक्ष द्या.

पायरी ५ : आता कोर्स निवडा

एक हंगाम झाला की तुम्ही कोर्सकडे वेगळ्या नजरेने बघता. प्रश्न तुमच्याकडेच तयार असतात: दुपारी झाड मलूल का होतं, शेवंतीला रात्री दिवा लावला की फुलं का येत नाहीत. या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ १९२० सालच्या एका शोधात आहे. गार्नर आणि ॲलार्ड या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अनेक झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलायची वेळ ठरवतात. प्रश्न आधी मनात असेल तर वर्गातलं एक व्याख्यान वर्षभर पुरतं.

थोडक्यात फरक असा. अल्प मुदतीचं प्रमाणपत्र एका कौशल्यापुरतं असतं: छाटणी, ठिबक, हरितगृह चालवणं. पदविका पर्यवेक्षकाच्या कामासाठी बरी. संशोधन, सरकारी नोकरी, मोठ्या बियाणे कंपन्या किंवा शिकवणं हे डोक्यात असेल तर पदवी आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाला पर्याय नाही. वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र, अर्थशास्त्र ऑनलाइन शिकता येतं. छाटणी आणि कलम येत नाही, कितीही चांगला व्हिडिओ असला तरी.

कुठल्याही संस्थेत प्रवेश घेण्याआधी तिथे स्वतः जा आणि वर्गखोल्यांच्या आधी बाग बघा. अवजारांची खोली उघडायला सांगा. सिकॅटर (छाटणीच्या कात्र्या) गंजलेले आणि पॉलिहाऊसचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर माहितीपत्रकात काय छापलंय याला फारसा अर्थ नाही. मग विद्यार्थ्यांना गाठून विचारा: आठवड्याला किती तास बागेत असता? प्रात्यक्षिकात प्रत्येकाच्या हातात चाकू येतो की एक जण करतो आणि वीस जण बघतात? बाहेर कामाला पाठवतात ते कुठल्या महिन्यात? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. फळबागेतली प्रात्यक्षिकं छाटणी किंवा काढणीच्या काळात नसतील तर विद्यार्थी तण काढून परत येतात.

चांगल्या प्रशिक्षणाचा नमुना बघायचा तर लंडनच्या क्यू उद्यानाची पदविका बघा. १७५९ साली सुरू झालेल्या या उद्यानात विद्यार्थ्यांनी बागेत प्रत्यक्ष काम करायचं, सोबत वर्ग करायचे आणि ठरावीक दिवसांनी झाडं ओळखण्याच्या चाचण्या द्यायच्या, अशी तीन वर्षांची रचना अनेक पिढ्यांनी अनुभवली. तिथे जाणं प्रत्येकाला शक्य नाही, पण वर्ग, काम आणि ओळख या तीन गोष्टींचं प्रमाण आपल्या जवळच्या संस्थेत कसं आहे हे तपासायला हा मापदंड उपयोगी पडतो.

पायरी ६ : आकडेमोड आणि निदान

या दोन गोष्टींवरून कामगार आणि पर्यवेक्षक यांच्यातला फरक ठरतो.

आकडेमोड अवघड नाही, पण जागच्या जागी करता आली पाहिजे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, म्हणून एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. पाच बाय पाच मीटरवर लावलं तर हेक्टरी ४०० झाडं बसतात. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील आणि दोन तास चालवले तर १६ लिटर. १९:१९:१९ या खताच्या एक किलो पिशवीत नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९० ग्रॅमच असतात, बाकीचं वजन दुसऱ्या घटकांचं. रोपवाटिकेतलं नेहमीचं गणित असं: विकायला १०,००० रोपं हवीत, उगवण ८० टक्के, त्यानंतरची मर १० टक्के, तर किती बिया टाकायच्या? १०,००० ला ०.८ आणि ०.९ च्या गुणाकाराने, म्हणजे ०.७२ ने भागायचं. सुमारे १३,९०० येतात. नवखा माणूस ३० टक्के वाढवून १३,००० टाकतो आणि शेवटी ट्रक अर्धवट भरतो.

निदानात आधी नकाशा बघा, मग पान. नुकसान वेगवेगळ्या जातींवर एकाच बाजूला, एकाच दिवशी दिसलं तर कीड-रोग बहुधा नसतो. वारा, उष्णता, शेजारच्या फवारणीचे थेंब किंवा पाणी यांचा संशय घ्या. एकाच जातीवर, एका कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू पसरत असेल तर जिवंत कारण शोधा आणि भिंग काढा. पानाची खालची बाजू उलटून बघायची सवय नसेल तर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड जाळी करेपर्यंत दिसत नाही.

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे हे आधी बघा. नत्र आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. कमतरता आली की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह फिरत नाही, त्यामुळे शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. पण लोह कमी दिसलं म्हणून लगेच लोहाची पुडी सोडू नका, आधी सामू मोजा. मातीविरहित माध्यमात बहुतेक झाडांना ५.५ ते ६.५ सामू मानवतो, तो वर गेला की लोह तिथेच असूनही मुळांना घेता येत नाही. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं तेव्हाही असंच होतं. कारण कॅल्शियमचं असतं, पण बहुतेक वेळा जमिनीत ते पुरेसं असतं आणि खरी गडबड पाण्याच्या अनियमितपणाची असते.

पायरी ७ : औषधं हातात घेण्याआधी

फवारणी शिकण्याआधी लेबल वाचायला शिका. मात्रा, कुठल्या पिकासाठी शिफारस आहे, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची ही तीन ठिकाणं पहिल्यांदा शोधायची. एकाच प्रकारे काम करणारं कीटकनाशक पुन्हा पुन्हा वापरलं की किडी त्याला सोसायला शिकतात. ब्रँडची नावं बदलली तरी आतला गट तोच असू शकतो, म्हणून लेबलावरचा गट क्रमांक बघून पाळी बदला. हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे सगळं द्रावण तयार करतानाही हवं, कारण तीव्र औषध हाताळलं जातं ते तिथेच. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका. मालकाने साहित्य न देता फवारणी सांगितली तर नकार द्या.

आणि छाटणीबद्दलही एक गोष्ट, कारण जुन्या लोकांकडून चुकीची शिकायला मिळते. मोठी फांदी खोडाला चाटून सपाट कापायची नाही. फांदीच्या बुडाशी एक फुगीर वळी असते, तिच्या जरा बाहेर काप द्यायचा. अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम आतून बंद करतं ते याच भागातून. वळी कापली की कूज खोडात उतरते. जखमेवर रंग किंवा डांबर फासण्याने झाडाला फायदा होतो असं दिसलेलं नाही. जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग जरा पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंटा. नाहीतर फांदी पडताना खालची साल सोलत नेते.

पायरी ८ : नोंदवही आणि पहिली नोकरी

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढणं म्हणजे नोंद नव्हे. तारीख, काय केलं, कुठल्या खुंटावर, हवामान कसं होतं आणि किती जगले हे लिहा. "५० गुलाब डोळे भरले, ३१ लागले, पाऊस झाल्यावर पट्टी सैल झाली" अशी ओळ मुलाखतीत प्रमाणपत्राइतकीच बोलते. समोरच्याला कळतं की हा माणूस मोजतो.

मुलाखतीला जाताना आपला चाकू आणि सिकॅटर घेऊन जा, धार लावून. बरेच अनुभवी बागायतदार हातात फांदी देतात आणि बघत बसतात.

पहिल्या नोकरीत पगाराइतकंच हे विचारा: वर्षभर एकाच विभागात ठेवणार की फिरवणार? माझ्या मते पहिलं वर्ष फिरणं चांगलं, दुसऱ्या वर्षी एका पिकावर राहून त्याचे सगळे ऋतू बघणं चांगलं. कलमांचं काम असेल तर नगाप्रमाणे पैसे की दिवसाप्रमाणे, जगलेल्यांवर की बांधलेल्यांवर, हे आधी लिहून घ्या. यावरून होणारी भांडणं फार जुनी आहेत.

पुढे स्वतःची रोपवाटिका काढायची असेल तर मातृवृक्षांपासून सुरुवात करा. वाण खात्रीचा आणि रोगमुक्त असलेलं झाड मिळवून त्याचीच डोळकाडी वापरायची, ओळखीच्या बागेतून आणलेल्या कुठल्याही काडीवर धंदा उभा करू नका. वाणाच्या हक्कांचीही चौकशी करा. १९६१ च्या युपॉव्ह या वाणांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानंतर अनेक देशांत नव्या वाणांना संरक्षण मिळतं, आणि अशा वाणाची कलमं परवानगीशिवाय बनवून विकली तर नोटीस येते. रोपं देशाबाहेर पाठवायची असतील तर रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि त्यासाठीच्या तपासणीत मातीचे कण, खवले कीड आणि मुळांवरच्या गाठी हमखास बघतात. त्यामुळे निर्यातीचा विचार असेल तर रोपं पहिल्या दिवसापासून जमिनीपासून उंच बाकांवर आणि मातीविरहित माध्यमात वाढवा. नंतर धुऊन स्वच्छ करण्याचा उद्योग महागात पडतो.